निरंक

गाडी कंपनीची, रूळ कंपनीचे,
खिशावरचं माझं नावही तिनंच शिवून दिलंय,
आडनाव वगळून.
दुपारी दोन ते रात्री दहा मी
हरवले-सापडले खिडकीत असते,
विमानतळाच्या स्टेशनात, जिन्याखाली,
एसीचं पाणी ठिबकतं तिथं.

विमानाला निघालेली माणसं सगळं तीनतीनदा तपासतात
आणि विसरतात.
मानेची उशी. पासपोर्टचं नुसतंच कव्हर.
एकदा कवळी, डबीसकट.
मी रकाने भरते: वस्तू, रंग, कुठे सापडली, अंदाजे किंमत.
किंमत सुचली नाही तर लिहायचं
निरंक.

मंगळवारी फलाट एकच्या बाकावर
बोर्नव्हिटाची बरणी, झाकणाला चिकटपट्टीचे दोन वेढे.
सैंदाणे गार्डनं ती हात लांब करून आणली.
तो धुळ्याचा, त्याला काय कळणार.
मला झाकणातूनच कळलं.
सोडे.
उन्हात नीट वाळलेले, कोऱ्या चहाच्या रंगाचे.
नियम असा: खाद्यपदार्थ चोवीस तासांत नष्ट करणे.
मी केले.

शुक्रवारी एक बाई आली, उरणहून.
पावती नाही, काही नाही.
"हरवली नाही हो, मीच ठेवली.
काट्यावर बॅग दीड किलो जास्त भरली,
हर्षल म्हणाला, आई, हे राहू दे.
परत घरी न्यायला हात होईना."
फॉर्मवर कारणांचे चार चौकोन आहेत.
हे कुठल्याच चौकोनात बसेना.
"बरणी तेवढी द्या. मोठी आहे, लागते."

बरणी धुऊन टेबलाखाली ठेवली होती,
तिच्यात रबरबँड टाकायला लागले होते मी.
ते ओतले. आणि तिनं विचारायच्या आधीच
सांगून टाकलं:
वांग्यात घालून. दोन दिवस पुरले.

डोक्यावरून गाडी गेली.
काच थरथरायची थांबेपर्यंत
ती माझ्याकडे बघत राहिली.
मग म्हणाली,
"मीठ बरं होतं ना? यंदा मला जरा जास्त वाटलं."

बेताचं होतं, म्हटलं.
जास्तच होतं.

तिनं सही केली, सावकाश, पूर्ण नाव, गावासकट.
बरणी पिशवीत घालून गेली
आणि झाकण राहिलं खिडकीवर.
हाक मारेपर्यंत गेट मिटलं होतं.

नवी ओळ घेतली:
झाकण, एक, केशरी.
मालक
माहीत आहे.