शिवणीतली माया

घणसोली गावठाणात, गावदेवीच्या मागच्या गल्लीत
माझं सहा बाय आठचं दुकान.
टीव्ही धाग्यांच्या रिळांवर, जरा तिरका,
त्यामुळे विभावरी नेहमी
डाव्या खांद्यावर कललेली दिसते.

साडेसातला कुणालाच काही शिवून घ्यायचं नसतं,
तरी येतात.
चांगुणाकाकी, महिनाभर तोच एक फॉल हातात घेऊन.
कुलथे सिस्टर, नाइटला जाण्याआधी.
कोपरखैरण्याहून नाझनीन, रिक्षा थांबवून ठेवते,
मीटर पडत राहतो.

काल विभावरीनं बापाचं मृत्युपत्र
पिठाच्या डब्यात तळाशी लपवलं
आणि हात न झटकता भावाला वाढायला बसली.
“अजून तूप घे, दादा,” म्हणाली.
आवाजात खोट नव्हती. हेच तर.
जीव होता तिचा त्याच्यावर,
आणि ती त्याला लुबाडत होती,
दोन्ही एकाच पळीनं.

“कवरी खोटी बोलते गो!” काकी म्हणाल्या.
“नालायक आहे,” म्हणाल्या कुलथे सिस्टर
आणि रिमोट घडी घातलेल्या परकरांखाली सरकवला,
कुणी चॅनल बदलू नये म्हणून.
“पकडली जाणार बघ,” नाझनीन म्हणाली,
आणि दुपट्ट्याचं टोक दातात धरलं,
पकडली जाऊ नये म्हणून.

याआधीच्या मालिकेतली बाई चांगली होती.
इतकी चांगली, की तिचं रडणं ऐकत
माझे तीन ब्लाउजांचे हुक लावून व्हायचे.
विभावरी आली की मशीन थांबतं.

एकोणीस वर्षं मी बायकांची मापं घेतेय.
टेप कमरेला टेकला की बाई श्वास आत ओढते.
म्हातारी असो, नवी नवरी असो,
गेल्या वर्षी एक पोलीस हवालदारीण आली होती,
तिनंसुद्धा.
मी तो आकडा वहीत लिहिते, वाद घालत नाही,
आणि कापताना दोन्ही कुशींना
इंच-इंच कापड जास्तीचं ठेवते.
श्वास सोडल्यावर जी बाई उरते
तिच्यासाठी.

आत दडवून ठेवलेल्या त्या कापडाला
आम्ही शिवणारे माया म्हणतो.
रेडिमेडवाले माया सोडत नाहीत.
बाई जरा सुटली, जरा चिडली,
हात वर करून काही काढायला गेली
की टर्रकन उसवतं, आणि दोष बाईचा.

विभावरीला कुणीतरी माया ठेवून शिवलंय.
दर आठवड्याला एक टीप उसवतात,
आत अजून कापड असतं.

साडेबारा टक्क्यांतला प्लॉट निघाला
तेव्हा हक्कसोडीच्या कागदावर सही मीही केली.
दादानं बाहेर उसाचा रस पाजला,
नारळी काठाची साडी घेतली, मोरपंखी.
मी नको नको म्हटलं, मग घेतली.
त्या कागदावर फोटो आहे माझा,
रजिस्ट्रारच्या टेबलावरच्या कॅमेऱ्यानं काढलेला.
नीट बघा: मी श्वास आत ओढून धरलाय.

काकींनीही केलीय सही. त्यांच्या तिघी नणंदांनीही.
याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही.
आम्ही विभावरीबद्दल बोलतो.
तिनं असं करायला नको होतं, म्हणतो.
उद्या काय करेल गं, म्हणतो.

माझ्या पिठाच्या डब्यात पीठच आहे.
मी तिच्याएवढी नाही, होणारही नाही.
पण यंदा भाऊबीजेला दादा जेवायला बसला,
मी पळीभर तूप सोडलं त्याच्या पोळीवर,
त्याला आवडतं तसं, कडेपर्यंत,
आणि विचारलं,
“प्लॉट शेवटी केवढ्याला गेला रे?”

आवाजात खोट नव्हती.
घास त्याच्या हातातच राहिला.
वहिनीनं टीव्हीचा आवाज वाढवला.
जाहिरात चालू होती.