पंप बंद करा

सकाळी सव्वासातला मी केतकीवर ओरडले,
डब्याचं झाकण नीट लावलं नाही म्हणून.
झाकण लागलेलं होतं.
ती काही बोलली नाही. वाकून
सायकलची चेन बघत राहिली, उतरलेली नसताना,
मग नंदनवनच्या चौकातून वळून दिसेनाशी झाली.

ओरडत असतानाच कळलं होतं मला.
पुढे पायरी नाही हे
पाऊल हवेत असताना कळतं, तसं.
कळून काय करता. पाऊल तर टाकलेलं असतं.

मग पोस्टात बसून दिवसभर कारण शोधलं.
झोप झाली होती. रक्तातलं लोह
मागच्याच महिन्यात तपासलंय, पुरेसं आहे.
कुणाचं काही लागेल असं बोलणं नाही, कुणाचा फोन नाही.
पासबुकात कसं, जमा एकीकडे, काढलेले एकीकडे,
आणि शेवटी शिल्लक येतेच.
माझी येईना.

साडेतीनला इतवारीतले एक मिरचीवाले आले,
आर.डी. भरायला.
त्यांच्या सदऱ्यातून असा काही ठसका उडाला
की अख्खी रांग शिंकायला लागली,
काचेमागे मी, शेजारी लांजेवार, आतून पोस्टमास्तरसुद्धा,
आणि मी हसले. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.
एवढंच. आणि सकाळपासूनचं ते
गेलं.
मी घालवलं नव्हतं.
येताना विचारलं नव्हतं, जातानाही सांगितलं नाही.

घरी पोचेपर्यंत परत आलं होतं.

जूनचा तिसरा आठवडा. पाऊस नाही,
नुसतं आभाळ खाली येऊन बसलेलं.
पराते कूलर उघडून उकिडवा बसला होता.
मी म्हटलं, बघा नं, मे महिन्यात सेहेचाळीस होतं
तेव्हा पांघरूण घ्यावं लागायचं रात्री,
आणि आता अडतीसमध्ये हा नुसता चिकचिक करतो.

"पंप चालू आहे," तो म्हणाला,
"वाळ्याच्या ताट्या नव्या आहे, टाकी भरून आहे.
कूलरले काही नाही झालं, म्याडम.
हवाच ओली आहे.
ओल्या हवेत कूलर काय करन बिचारा."

मला एकदम ते वर्ष आठवलं,
प्लॉटवरून दादाशी बोलणं तुटलं ते.
ती कोरडी गरमी होती. कुठून येते ते दिसायचं.
मी पाणी ओतत गेले तिच्यावर:
संध्याकाळी फुटाळ्यापर्यंत चालणं, ओव्हरटाइम,
भरतकाम, कुणाकुणाच्या लग्नांत वाढप्याचं काम.
निवली. वेळ लागला, पण निवली.
तेव्हापासून मला वाटत होतं, आपल्याला जमतं हे.

आज सकाळपासूनही मी तेच करत होते की.
कारणं ओतत होते. समजूत ओतत होते.
ओलीवर ओल.

"मग करायचं काय?"
"पंप बंद करा. नुसता पंखा ठेवा.
अन् समोरची खिडकी उघडा, हवा जाले पायजे न कुठून तरी."
पैसे घेतले नाहीत त्यानं.
काही केलंच नाही, म्हणाला, पैसे कायचे.

केतकी आली सहाला. दप्तर टाकलं.
मी वाक्य तयार करून ठेवलं होतं,
त्याच्या आधीच ती म्हणाली,
"आई, झाकण खरंच उघडलं वाटेत.
भूगोलाची वही गेली तेलात."

म्हणजे सकाळी माझं बरोबर होतं?
दोघी बघत राहिलो वहीकडे.
दख्खनच्या पठारावर पिवळा डाग, पार विदर्भापर्यंत.
"तरी ओरडायचं नव्हतं मला," मी म्हटलं.
"हो," ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं, "भूक लागली."

कूलरच्या बटणांवरची अक्षरं कधीच पुसलीत.
कुठलं कशाचं, ते मी आवाजावरून ओळखते,
कधी चुकते.
आज बरोबर लागलं. पाण्याचा आवाज थांबला,
पंखा फिरत राहिला.
खिडकी उघडायला दोघींनी जोर लावला,
मार्चपासून अडकून बसली होती.