वजन किती?

आयाविरीच्या बाजारात माझं जनावरांच्या औषधांचं दुकान.
अल्पाकाची खरूज, मेंढीच्या पोटातले जंत,
गाईच्या कातडीखाली घर करणाऱ्या अळ्या,
सगळ्यांवर ती एकच बाटली, निळ्या झाकणाची.
विकताना एवढंच विचारायचं असतं:
वजन किती?

त्या जूनमध्ये कासिमिरो आला,
टोपी हातात, मास्क हनुवटीवर.
वजन किती, मी म्हटलं.
अठ्ठावन्न किलो.
मेंढी?
तो काउंटरच्या काचेकडे बघत राहिला.
काचेखाली रद्द झालेल्या नोटा, एका संताचं चित्र.
‘खोकते,’ म्हणाला. ‘रात्रभर खोकते.’
पुढे मी जनावर कोणतं ते विचारलं नाही.

मग रांगच लागली. चौऱ्याहत्तर किलो. एकेचाळीस.
नऊ किलो म्हणणाऱ्याला मात्र मी हाकललं,
तर तो पलीकडच्या दुकानात गेला.

रेडिओ सांगायचा, प्रयोगशाळेतल्या बशीत
या औषधाने विषाणू मेला.
मेला असेल.
पण त्या बशीत माणूस नव्हता,
आणि बशीत घातलं तेवढं औषध
माणसाच्या रक्तात उतरवणं शक्यच नव्हतं,
हे मला फार नंतर कळलं.
तेव्हा रेडिओला एवढं लांबण लावायला सवड नव्हती.
ऑक्सिजनचं एक नळकांडं दोन गाईंना पडायचं,
माझी बाटली एका कोंबडीला.
तुम्हीच सांगा, माणसाने काय उचलावं.

माझ्या आईच्या जिभेवर मीच थेंब मोजले.
आई वाचली.
शेजारच्या असुंताबाईंना त्याच बाटलीतले, तेवढेच.
त्या गुरुवारी गेल्या.
कावळा बसायला आणि फांदी मोडायला, म्हणावं,
तर आमच्या पठारावर झाडच नाही,
आणि मोडल्याचा आवाज रोज येत होता.

ऑगस्टमध्ये कुस्कोहून योवाना आली, नर्स, काखेत फाइल.
दोन डब्या: एकीत औषध, दुसरीत नुसता साखरेचा भुगा,
कुणाला कोणती, ते तिलाही ठाऊक नाही.
तिला माणसं हवी होती, तापाचा तिसरा दिवस न उलटलेली
आणि हे औषध न घेतलेली.
चार दिवस दारं वाजवली तिने.
आतून एकच उत्तर: घेतलंय.
शेवटी माझ्या दुकानात मिठाच्या पोत्यावर बसली,
बुटांतली माती झाडत.
‘तुमच्या माहितीत आहे का कुणी?’

मी उधारीची वही उघडून पुढे केली.
नावं, पुढे किलो, माझं वाकडं अक्षर. अख्खं गाव.
तिने पानं उलटली, सावकाश, शेवटपर्यंत.
‘ही घेतलेल्यांची.’
हो.
न घेतलेल्यांची वही कोण ठेवतं, बाई?

पुढे दुसऱ्या देशांतल्या दुसऱ्या फाइली भरल्या.
दोन्ही डब्यांची माणसं सारखेच दिवस खोकली,
सारखीच बरी झाली, सारखीच गेली.
पुतण्याने फोनवर वाचून दाखवलं.
मी लोकर निवडत होते, निवडत राहिले.
कासिमिरोच्या बायकोचं नाव मला अजून माहीत नाही,
वहीत फक्त अठ्ठावन्न आहे.

आज सकाळी एक पोरगा आला, निळं झाकण मागायला.
वजन किती?
साठ.
मी मान वर केली.
तो घाईने बाहेर बोट दाखवू लागला:
दारात उन्हात बांधलेली अल्पाका
माझ्याच चौकटीला अंग घासत होती.