एक फेरी जास्त

माझगावला, म्हातारपाखाडीत, लाकडी जिन्याखाली उभा राहून
मी वर हाक दिली: टिटवी एक, उंबर बोलतोय.
आधी खोकला आला. मग तोच आवाज,
त्रेपन्न वर्षांनी जरा गंजलेला:
बोल, उंबर.

आम्ही कधी भेटलोच नव्हतो.
मी खाली, एरंडाच्या झुडपात पालथा,
शेजारी वायरलेसचा पेटारा;
गोन्साल्विस वर, दोन विमानं घेऊन.
काम एवढंच की पूल पाडायचा.
खंदकातले लढतील तेवढे लढोत,
मागून येणारं डिझेल, गोळे, पीठ
नदीपलीकडेच अडलं पाहिजे.
त्याच्या नकाशात नदी निळी होती,
माझ्यापुढची चहासारखी.
म्हणून खुणा सांगायचो गावच्या माणसाला सांगाव्यात तशा:
मिनार सोड, वीटभट्टीचं धुराडं धर,
तिथून दोन बोटं डावीकडे.

त्या सकाळी दोन बोटं डावीकडे
पुलाच्या मधोमध एक माणूस चालला होता.
हातात सायकल, कॅरियरला आडवी बांधलेली खाट.
म्हटलं, टिटवी, एक फेरी घे.
का?
फेरी घे.
ब्रिगेड ऐकत होती. खाट म्हणायची मला लाज वाटली.

त्या फेरीत त्यांच्या तोफा जाग्या झाल्या.
टिटवी दोन परतली नाही.
मुथण्णा. चोवीस वर्षांचा.
पूल नंतर पडला, नीट पडला.
अहवालात मी लिहिलं: लक्ष्यावर धुकं.

आता काचबिंदूनं त्याचे दोन्ही डोळे नेलेत.
म्हणाला, खाली उतरव मला, क्रुसापाशी बसू.
मी सांगत गेलो:
सात पायऱ्या, आठवी मोडकी,
उजवीकडे कुंडी, पुढे मासळीवालीची पाटी,
टेम्पो येतोय, थांब.
जाऊ दे.
आता.
तो आला. तेव्हा यायचा तसाच, एकही प्रश्न न विचारता.

क्रुसाच्या चौथऱ्यावर बसल्यावर मात्र म्हणाला:
धुकं नव्हतं, उंबर. मी वर होतो.
नव्हतं, मी म्हणालो,
आणि खाटेचं सांगितलं.
कुणाच्या तरी घरात कालवण उकळत होतं.
सांताक्रूझकडे एक विमान उतरत गेलं;
त्याची मान आवाजाबरोबर वळली, आवाज संपल्यावरही तिकडेच राहिली.

खाट पोचली का पलीकडे?
पोचली असावी.
असावी?
धूर फार होता.

मुथण्णाच्या आईला मी धुकंच सांगितलं होतं, तो म्हणाला.
काठी चाचपली. उठला.

परतताना जिन्यावर मी गप्पच होतो,
मोडकी पायरी सांगायची राहून गेली.
त्याचा पाय आपसूक उंच उचलला गेला,
तिच्यावरून अलगद पलीकडे पडला,
मग पुन्हा थांबून
त्यानं माझा हात शोधला.