मार्का पुसट

सय्यद मॅडम म्हणाल्या, जागतिकीकरण एक्क्याण्णव साली सुरू झालं
असं पेपरात लिहू नका.
मी वहीत लिहून घेतलं.
माझ्यापुरतं ते सुरू झालं
आमच्या शेडवरची क्रेन न्हावा शेवाला गेली त्या दिवशी.
पण वर्गात मी सगळ्यात म्हातारा,
त्यात पहिल्या बाकावर. गप्प बसलो.

बत्तीस वर्षं गोदीत टॅली क्लार्क.
चार काड्या उभ्या, पाचवी आडवी.
काय काय माझ्या पेन्सिलीखालून गेलं:
झांजिबारच्या लवंगा, ओडेसाचा कागद,
एकदा एक जिराफ, मान वाकवून, कागदपत्रं अपुरी.
आता एम.ए., भाग एक.

फोर्टातल्या ग्रंथालयात, पंख्याखाली,
कॅप्टन क्रेन्शॉचा प्रवास उघडून बसतो.
इंग्रजी तीनशे वर्षांपूर्वीचं.
त्यातला स असा छापलेला की फ वाटावा.
आठवडाभर मी सिल्कला फिल्क वाचत होतो
आणि वाटत होतं, असेल असाही काही माल
जो आमच्या वेळेपर्यंत यायचा बंद झाला.

कॅप्टन लिहितो बरा.
ताडी चढली ते लिहितो, हगवण लागली तेही.
बोंबलाला नावं ठेवतो, पुढच्या पानावर मागून खातो.
बेटावर त्याला कुजक्या मासळीचा वास येतो.
खत होतं ते, माडांच्या बुंध्याशी घातलेलं.
त्याला कोणी सांगितलं नाही,
किंवा सांगितलं ते मराठीत.

मग पान एकशे सदतीस.
'आज मिरीची चारशे पोती चढवली. वारा ईशान्येचा.'

एवढंच.
चढवली. कोणी?
माझा हात आपोआप हिशेबाला लागला:
चारशे पोती, मचव्यातून जहाजावर,
ओहोटी सांभाळून, दिवस बुडायच्या आत,
म्हणजे दोन गँगा तरी हव्यात.
एक जण घसरून पडला असणार, चौथ्या फेरीला कोणीतरी पडतोच.
कोणी पाणी पाजायला, कोणी शिव्या द्यायला.
पानावर मात्र पोती आपल्या पायांनी शिडी चढतात.

खाली फक्त, बारीक टायपात,
की बाहेर पडताना एक बुडीत खडक त्याने शोधून काढला,
'जम्मर नावाच्या नेटिवाने बोट दाखवलं, तिथे.'

जम्मर.
नाव तोंडात घोळवून पाहिलं.
माझगावचा कोळी असेल तर जोमा.
खलाशी असेल, दाभोळकडचा, तर जुम्मा.
जमीर? झुंबर?
मोठ्याने म्हणत होतो वाटतं,
काउंटरवरच्या मोकाशीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
मी त्यांनाच विचारलं.
म्हणाल्या, आमच्या सासऱ्यांचं नाव बँकेने तीन तऱ्हांनी लिहिलंय,
एफडी अजून अडकलीय.

खडकाला कॅप्टनचं नाव मिळालं.
भाऊच्या धक्क्यावर जाऊन विचारलं
तर एका नाखव्याने त्याचं वेगळंच नाव सांगितलं,
पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं,
आणि मॅडमना द्यायच्या कागदावर लिहिता येणार नाही असं.

निबंध सोमवारी द्यायचा.
तळटिपा हव्यात, निष्कर्ष हवा.
घरी टॅली शीटचं एक जुनं पॅड उरलंय, कडा पिवळ्या.
रात्री काढलं.
जहाज: लिहिलं.
मिरी, पोती चारशे: बरोबर.
खडक: एक.
शेवटच्या रकान्यात, जिथे आम्ही लिहायचो
पेटी फुटकी, गोणी ओली,
तिथे लिहिलं:
नाव, नग एक. मार्का पुसट.

खाली माझी सही.
शेजारची जागा जहाजाच्या सहीची असते.
ती आल्याशिवाय शीट पुरी होत नाही.
मी तशीच जोडली निबंधाला,
टाचणी लावून.