शिवलं

महिन्यातला तिसरा रविवार आमचा, मराठीचा.
हिंदी उपासना उठते, बाकांवर ऊब असते अजून,
आणि आम्ही सतरा जण बाजूच्या दारानं आत येतो,
दुसऱ्या पंगतीला बसल्यासारखे.

ओहोळ पाळक म्हणाले, या खेपेला वाचू नका.
पुस्तक मिटा. सांगा. शेजारणीला सांगतो तसं.
मी म्हटलं, शेजारणीला मी वेगळंच काही सांगते.
ते हसले नाहीत.

पाचवा अध्याय. बारा वर्षं अंगावरून जाणारी ती बाई.
मलाच का दिली, कळलं:
रोज सकाळी सहापासून मी इंदूरभर रक्त गोळा करते.
स्कूटीच्या डिकीत बर्फाचा डबा, जांभळ्या टोपणांच्या नळ्या.
सुदामा नगर उपाशीपोटी,
मल्हारगंज जेवणानंतर दोन तासांनी.
पंधरा दिवस सिग्नलला ओठ हलत राहिले.
पलासियापर्यंत वैद्यांनी तिचा पैसा संपवला.
जवाहर मार्गावर गर्दी,
ती पाठ करावीच लागली नाही.
पोहेवाला म्हणाला, दीदी, फोन पे हो क्या?

एका शब्दाशी मात्र अडले.
छापलंय: स्पर्श.
आई रविवार शाळेत सांगायची तेव्हा विचारायची,
"मला कोण शिवलं?"
आणि आम्ही पोरं एकमेकांवरचे हात काढून घ्यायचो.
नगरकडच्या कुठल्याशा गावात तिच्या आजोबांना
विहिरीचा काठ शिवू दिला नव्हता.
तिथून निघाले ते इथवर.
स्पर्शानं कुणी कधी बाटत नाही.

उभी राहिले. हातांचं काय करायचं कळेना.
वाचताना पुस्तकच आपले हात धरून ठेवतं.
पान नसलं की माणसं दिसतात:
पहिल्या बाकावर भांबळ वडील,
पुस्तक उघडून, ओळीवर बोट ठेवून,
माझ्या मागे मागे.

सांगत गेले. ती मागून आली, वाकली,
गोंडा बोटांत आला न आला,
आणि तो वळला.
मीही वळले. ठरवलं नव्हतं.
"मला कोण शिवलं?"

पाठांतरात इथे एक श्वास आहे.
त्या श्वासात तिसऱ्या बाकावरून हात वर झाला.
सत्यवतीबाई मकासरे.
मिशन इस्पितळाच्या लाँड्रीत
चाळीस वर्षं चादरींवरचे डाग काढले त्यांनी.
आता सुनेला आई म्हणतात.
वर्गात करतात तसा हात, कोपर ताठ, बांगडी घसरलेली.
"मी," म्हणाल्या. "चुकून."

नीलिमानं हात खाली ओढला.
तो पुन्हा वर आला.

पुढचं सगळं होतं माझ्याकडे.
शिष्य म्हणतात, एवढी चेंगराचेंगरी, आणि कोण म्हणून विचारता?
मग ती थरथरत येते, पाया पडते, काही लपवत नाही.
पण समोर हात वर असताना
ते शिष्यांचं बोलणं कुणाच्या तोंडानं म्हणायचं?

बाकांमधून चालत गेले.
मनगट धरलं. सवयीनं शीर सापडली,
बारीक, निळी, सुई लावायला मी कचरले असते अशी.
उरलेलं तिथेच सांगितलं, हळू,
मागच्यांना ऐकू गेलं नसेल:
मुली, जा. बरी राहा.

"चादर वाळली नाही अजून," त्या म्हणाल्या.

चहाला भांबळ वडील पुस्तक घेऊनच आले.
एकतीस ते तेहतीस गाळलंत.
आणि तो शब्द तसा नाही.
मी म्हटलं, हो.
समासात पेन्सिलीची बारीक खूण होती.
बिस्किटाचा चुरा त्यांनी फुंकून उडवला.

सोमवारी, मल्हारगंज, तिसरा मजला.
म्हाताऱ्याच्या दंडाला पट्टा बांधला, शीर लागेना,
आणि गाळलेली तिन्ही वचनं
एका दमात, न अडखळता, तोंडात आली.
त्यानं डोळे घट्ट मिटलेले होते.
झालं का, म्हणाला.
मी म्हटलं, अजून शिवलेही नाही.