अकरा-बारा, अकरा-चौदा

टर्मिनल अकरा कॉमन.
तिथून एक वाट बाराकडे, एक चौदाकडे.
ड्रॉइंगवर या जागी फक्त पेन्सिलीचं वर्तुळ
आणि आत प्रश्नचिन्ह.

अंबडच्या शेडमध्ये दुपारी साडेतीनला
पत्रा तापून टकटक वाजतो.
वैजयंता खैरनार ओठांत फेरूल धरून
लग क्रिम्प करते, ओढून बघते.
निघायची तर आत्ता निघू दे,
दारणेकाठी रात्री दोनला नको.
पॅनेल पंपहाउसचं. उद्या सकाळी टेम्पो.

मी सातपूरच्या आयटीआयमधून नुकता आलेला.
मला वाटलं, दोन्ही एकच की.
फॉल्ट आला, रिले हलला, मोटर थांबली.

फॉल्टचं सोड, ती म्हणाली.
रिलेच मेला तर?

बारावर जोडलास तर पंप चालूच राहील.
राखणदार गेला हे कळणार कसं,
तो एरवीही गप्पच असतो.
चौदावर जोडलास तर
त्याला रात्रंदिवस दार धरून उभं राहावं लागतं,
कॉइल कोमट होते, बारीक गुणगुणते,
आणि कंट्रोल सप्लाय नुसता डुलकला तरी
पंप बंद, गावाचं पाणी बंद,
ऑपरेटरच्या शिव्या आपल्याला.

मग बरोबर कुठलं?

तिनं साहेबांना फोन लावला. साहेब मीटिंगमध्ये.
चहा आला. बशीखाली ड्रॉइंग थोडं भिजलं,
प्रश्नचिन्हाचं शेपूट पुसट झालं.

तिचा धाकटा, समाधान, हजिऱ्याला साइटवर असतो.
रोज रात्री नऊला मिस्ड कॉल देतो.
उचलायचा नाही, असं ठरलंय.
एकदा वाजून तुटला की ती दिवा मालवते.
आधी उलटं होतं:
काही झालं तरच फोन कर, उगाच पैसे नको घालवू.
मग एकदा अकरा दिवस फोन नाही
आणि ती शेजारणीला सांगत राहिली, बरा असेल.

कावीळ झाली होती. मोबाइल कुणीतरी लांबवलेला.
एवढंच बोलून ती कप विसळायला गेली.

परत आली तेव्हा साहेबांचा मेसेज होता:
बारावर करा, कस्टमरची कटकट नको.
तिनं वाचला. स्ट्रिपर उचलला.
वायर बारावर घातली, स्क्रू आवळला,
आणि चार बोटं जास्तीची वायर
डक्टमध्ये वळवून ठेवली,
चौदापर्यंत पोचेल इतकी.

रात्री पाथर्डी फाट्याच्या खोलीवर
नऊ वाजता मी उगाच फोन हातात घेतला.
कळवणला आईला एक मिस्ड कॉल दिला.

तिनं पहिल्याच रिंगला उचलला.
काय रे, काय झालं?